रोझीचा पांढरा झगा

हसताय काय, त्या दिवशी माझं लग्न मोडलंच असतं!

टेंभी नाक्यावरच्या शिंप्याकडे माझी मैत्रीण रोझी लग्नाचा झगा निवडत होती. "राजकन्येसारखा दिसतो का, लांबून बघायचंय. तू घाल ना." मी घातला. तेवढ्यात ब्लाउज न्यायला दारात कोण? माझ्या होणाऱ्या सासूबाई! माझं लग्न चार दिवसांवर आणि नवरी पांढऱ्यात, म्हणजे अपशकुनच. मी झटकन झग्यासोबतची डोक्यावरची जाळी तोंडावर ओढली. मागे सरताना लांब झगा पायात अडकला.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनीच साखरपुड्यात घातलेली हिरव्या खड्याची अंगठी माझ्या बोटात! तिच्याकडे बघतच राहिल्या. मग शिंप्याला म्हणाल्या, "झगा जरा वर घ्या हो. पाय अडकून पडली, तर माझ्या घरी लंगडत यायची."