पट्टी भरली, पण

ग्रामपंचायतीत पाणीपट्टी भरायच्या रांगेत विष्णुपंत उभे होते. पुढे शोभाताई पाणी सोडणाऱ्या मोहियोद्दीनशी बोलत होत्या.

"मोहियोद्दीनभाऊ, सगळी आळी गोळा करून आणली बघा. आता तरी तुमचा पगार निघंल ना?"

"निघंल, ताई. वसुली झाली की निघतो."

"तुमचा पगार आमच्या पट्टीवर, आन् आमीच पट्टी थकवून नळाला शिव्या देत बसलो."

"चालायचंच."

"आता भाभींना माहेराहून आणा आन् उद्याच नगरच्या दवाखान्यात न्या. ऑपरेशन लांबवू नका."

"ती परवाच गेली, ताई. संगमनेरलाच मिट्टी दिली."

विष्णुपंतांनी डोक्यावरची टोपी काढली.

"अगं बाई! मग आता आमी हे भरून..."

"भरा, ताई. झाडलोट करणाऱ्या हौसाबाईचाबी पगार यातूनच निघतो. तिचा मालक आजारी हाय."