भिंतीवरचा पट्टा

...आणि वर मलाच म्हणतो, "निशाण बतावो, काका." मला! बत्तीस वर्षं बडोद्याच्या पेपरात पावसाच्या पाण्यावर लिहून ज्याची बोटं झिजली, त्याला. कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

तुम्हाला सांगतो, मागच्या ऑगस्टात आमच्या गल्लीत पाणी शिरलं, माझ्या मांडीपर्यंत, आणि आम्ही तीन दिवस वरच्या मजल्यावर कांचनबेनकडे खिचडी-कढी खात बसलो. पाणी उतरलं, भिंतीवर गाळाचा हा एवढा पट्टा राहिला, आणि गणपती नऊ दिवसांवर. आता तुम्हीच सांगा, त्या घरात गणपती बसवायचा? सुनंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "देव यायचाय आणि भिंतीला हा चिखल? लोक काय म्हणतील?" रंगारी मिळेना. मग काय, एकसष्टाव्या वर्षी उकिडवा बसून मी भिंत घासली, वर पिस्ता रंगाचे दोन हात दिले. गल्लीतली तळमजल्याची आठही घरं मराठी, आठही चकाचक. विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डाचे इंजिनियर पीयूषभाई टेप घेऊन दारात. "निशाण बतावो, काका."

म्हटलं, कसलं निशाण? तर म्हणे सभेत ठराव झालाय, निधी एका गल्लीपुरताच आहे, तेव्हा भिंतीवर जिथे पाण्याची खूण सगळ्यांत वर, तिथे पावसाळी गटार आधी. मी मोबाइल काढला, हे बघा, फ्रिज तरंगतोय, सुनंदा ओट्यावर बसलीय... "फोटो तो कोईना पण होय," म्हणे, फोटो काय कोणाचाही असतो, आणि खिशातून कात्रण काढलं. लॅमिनेट केलेलं. "नगरसेवकाच्या शब्दावर गटारं वाटू नका, भिंतीवरची खूण मोजा." खाली नाव माझं. "आ तमारो ज नियम छे, काका."

आणि गटार गेलं कुठे? मागच्या गल्लीत, विश्वासरावांकडे. तीन पायऱ्या चढून जायचं घर, तिथे पाणी चढणार कसं? पण गृहस्थानं पंचवीस वर्षांत भिंतीला ब्रश लावलेला नाही. पीयूषभाई म्हणाले, "निशाण बतावो," तर हा सुपारी कातरत विचारतो, "कुठलं हवं? तीन आहेत." न्हाणीघराची ओल हो ती! ते गटार आणून सोडलंय आमच्या कोपऱ्यावर, कारण निधी तिथेच संपला.

मग मी लिहिलं. असं झोडपलं म्हणता! भिंत खोटं बोलते, ओल आणि पूर यातला फरक कळत नाही त्यांनी टेप खाली ठेवावी, पुरावा मागा तो फोटोचा...

यंदा पाणी एक वीत जास्त, आणि नवा निधी पुन्हा एकाच गल्लीपुरता. सुनंदाला बजावलं, पट्ट्याला हात लावायचा नाही. पाणी घरात असताना आम्ही दोघं भिंतीपाशी पहारा देत होतो, एखादी खुर्ची तरंगत येऊन घासली तर? गणपतीत तिनं पट्ट्यावर जरीचा पडदा सोडला, पाहुण्यांनी डेकोरेशनचं कौतुक केलं. पीयूषभाई आरतीला आले. प्रसाद हातावर ठेवला आणि मी, तुम्हाला सांगतो, नाटकातल्यासारखा पडदा सरकवला. म्हटलं, बघा निशाण.

त्यांनी पाहिलं. बोटानं चाचपून पाहिलं. "सरस छे, काका. एकदम ओरिजिनल." मोदक संपवला, हात पुसले, आणि खिशातून दुसरं कात्रण काढलं. हेही लॅमिनेट केलेलं, हेही माझंच. "पण हवे फोटो बतावो."

आता फोटो दाखवू? आम्ही भिंत सांभाळत होतो हो, फोटो कोण काढणार?

बत्तीस वर्षं मी कुरकुरत होतो, माझं लिहिलेलं कोणी वाचत नाही म्हणून. बरं चाललं होतं.