बोअरच्या नळाची बाटली

बायको ओमेश्वरी वारल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा ग्यानीराम राइस मिलमध्ये तपासणीला पाठवायची पाण्याची बाटली भरत होता. धान भिजवलेलं पाणी साफ करूनच नाल्यात सोडायचं असतं. साफ करायचं यंत्र बंद होतं, म्हणून मालकाच्या सांगण्यावरून त्यानं त्या पाण्याऐवजी बाटली बोअरच्या नळाखाली धरली होती. ती भरून, झाकण लावूनच तो दवाखान्यात गेला.

तेरवी झाल्यावर तो सडक अर्जुनीच्या बसस्टँडवर बसला होता. शेजारी दोन बाया बोलत होत्या.

"वयनी, नाला एवढा वास मारून राहिला, तरी म्हशी तिथंच नेता?"

"वासाचं काय घेऊन बसली, चेतना? मिलचा रिपोर्ट आला ना. पाणी एकदम साफ."

"कोन सांगते?"

"पंचायतीत कागद लावला."

"तुमच्या म्हशीले वाचता नसन येत. तोंड फिरवत होती म्हने."

"लाडावली होती. मीच ओढत नेली पाण्यावर."

"मंग मेली काऊन?"

"बिमारीनं मेली असन. कागद कायले खोटा बोलन?"

"आता दुसरीले कुठं पाजता?"

"तिथंच. भाऊ, तुमच्या अंगात मिलचा शर्ट आहे. तुमीच सांगा इले, पाणी साफ असते ना?"

"तुमची बस लागली, बाई," ग्यानीराम म्हणाला.

बाया बसमध्ये चढल्या. बस गेली.

बाटली कोणत्या नळाची होती, हे ग्यानीरामनं अजून कोणालाच सांगितलेलं नाही.