जवळचा दरवाजा

— नाई केशोराव, फोडू नका, ती सुपारी तशीच राहू द्या. काल होकार मीच देल्ला, मालूम आहे मले. पाटावर बसून, तुमच्या हातात हात देऊन. अन् आता किळस येऊन राहिली — तुमची नाई, बसा — बरं, थोडी तुमचीबी. दोन घरं आणता, तिरोड्याचा बिजवर का आमगावचा दुकानवाला, अन् पोरगी दाराआड गप्प राहिली का म्हणता, गप्प म्हंजे हो. साऱ्या गावात असंच चालते. मीबी काल वच्छलाले तसंच विचारलं, हा का तो? तिनं मान खाली घातली, अन् मी तिरोडा बोलून मोकळा झालो. सख्खा भाऊ ना मी तिचा.

पलटणीत होतो तवा कोरियात नेलतं आमाले, चिनी कैद्यांवर पहारा द्यायले. एक लिऊ होता, मले त्याची बोली शिकवे. त्यायच्यात हे का ते म्हणायले दोन शब्द — विचारायचं असलं का 'हायशी'. चहा हायशी पाणी? एक सांगाच लागते. अन् साधं बोलताना 'ह्वोझे' — चहा ह्वोझे पाणी, कायबी चालते. मी हसे, एवढी भानगड कायले रे? मंग एक दिवस, कैद्यायले घरी जायचं का नाई ते जिथं विचारत, त्या तंबूत त्यालेच बसवलं. दोन दरवाजे — एक घरी जायचा, एक न जायचा. समोरचे चिनी साहेब विचारून राहिले, इकडं हायशी तिकडं? तासभर तेच, हायशी, हायशी. लिऊ गप्प. माह्याकडं पाहे फक्त. अन् मले भूक लागली होती, केशोराव, पाळी संपली होती माही — मी त्याचा दंड धरला अन् काढला बाहेर. कोणत्या दरवाज्यातून? जवळच्या. दुसरं काय पाहिलंच नाई मी. बायकोलेबी सांगितलं नाई हे कधी, तुमाले कायले सांगून राहिलो कोण जाणे.

आज सकाळी वच्छलापाशी बसलो. एकबी नाव घेतलं नाई. म्हटलं, बाई, तुले काय पाहिजे? तं म्हणे, "भाऊ, काल तू मले विचारलंच कुठं होतं?"

काय पाहिजे म्हणे ती? सांगितलं तिनं, लय वेळ सांगितलं. ते तुमाले कायले पाहिजे? ही घ्या सुपारी. चहा नाई, पाणीबी नाई. दरवाजा तुमच्या मागं आहे — एकच आहे, चाला.