आदल्या रात्री येऊ नकोस

हॅलो?... कोण?... अगं मोठ्यानं बोल, इथं बाजारात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही... आ-छन? तू? या वेळेला? ऑफिस नाही?... हां, नववर्षाच्या सुट्ट्या लागल्या नाही का. तुम्हा तैपेईवाल्यांना सुट्ट्या, आणि आम्हा मासेवाल्यांची कंबर मोडायची वेळ. थांब हं... काय हो काका, खवले काढून देऊ? दोन? बसा, देते... हां, बोल.

कळलं... हो, हो, कळलं गं. काल टीव्हीवर दाखवलं. तुझ्या बाबांनी एकदम आवाज वाढवला, तेव्हाच मी स्वयंपाकघरातून बाहेर आले... नाही, बोलले काही नाहीत. ते कधी बोलतात? आवाज वाढवला, तेच त्यांचं बोलणं.

म्हणजे आता होणार ना? नक्की?... तिच्या मलेशियात दोन बायकांचं लग्न होत नाही, म्हणून आपल्याकडे होत असूनही तुमचं होत नव्हतं. असंच होतं ना ते?... आणि आता तिच्या देशाचं काही बघणार नाहीत?... म्हणजे हुई-मिनला इथं राहता येईल? तुझी बायको म्हणून? नोकरी सुटली की व्हिसा सुटला, बॅग भरा, विमानतळ गाठा, ते सगळं बंद?... अरे वा!... अगं, आनंदच झालाय मला. आनंद झाला म्हणून आता काय माशांवर चढून नाचू?

आणि ती यू-थिंग गं? तुमच्याबरोबर कोर्टात खेटे घालायची ती? तिची जोडीदारीण चीनची ना?... त्यांचं अजून नाहीच?... हे बरं आहे! एकीला दार उघडायचं आणि दुसरीला उंबऱ्यावर उभं करायचं. सोडू नका हं तुम्ही. आपलं काम झालं म्हणून घरी बसलीस, तर कान पिळीन.

बरं, मग ते कॅनडाचं काय?... तेच, जाणार होतात ना दोघी, कायमच्या?... 'बघू' म्हणजे? इथं लग्न होत नाही म्हणून जाणार होतात. आता होतंय. मग 'बघू' कशाला?... हॅलो?

हं... हं... अगं ऐक ना... बरं, बोल, तू बोल आधी.

हो... हो, खरं आहे. सरकारनं हो म्हटलं आणि आईनं म्हटलं नाही, खरं आहे... एकटी ये, असंच म्हणायचे मी... तिनं पाठवलेली अननसाची बिस्किटं खाल्ली, हेही खरं. अख्खा डबा तुझ्या बाबांनी खाल्ला, पण ते राहू दे... मग?... यंदा नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला तिलाही घेऊन येणार म्हणतेस?

नाही.

नाही म्हणजे नाही. आदल्या रात्री येऊ नकोस... तिलाही आणू नकोस आणि तूही येऊ नकोस.

हॅलो?... आ-छन? आहेस ना?... अगं, रडतेस काय... कॅनडा मधे आणू नकोस, माझं बोलणं पुरं होऊ दे... काकू, दाबून बघू नका हो, शिळा नाही तो, आज पहाटे आलाय!... हां, ऐकतेस का? ऐक ना गं. मला एक सांग, तुझ्या भावाची, आपल्या आ-हाओची बायको आदल्या रात्री कुठं जेवते?... आपल्याकडे. तिच्या आईकडे का नाही जात?... सांग ना... आणि आईकडे कधी जाते?... मोठ्यानं... दुसऱ्या दिवशी. बरोबर. लग्न झालेली मुलगी आदल्या रात्री माहेरच्या ताटावर बसत नाही, भावाला ते बाधतं. ती नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी येते, जोडीनं, दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत. लहानपणापासून बघतेस ना?... मग? आता तू कोण?

...

हॅलो?... हं. पडला ना उजेड?

आता रडू नको... बरं, रड.

लग्नाचा कागद व्हायचाय, ठाऊक आहे मला. कचेरीला सुट्टी आहे, माझ्या घराला कुठं सुट्टी आहे? त्यांचा शिक्का मारू देत त्यांना सावकाश... तुझ्या भावाला विचारलं मी. तो म्हणाला, दुसऱ्या दिवशी आम्हीही सासुरवाडीहून लवकर परत येतो, मला बघायचंय बाबा काय करतात ते.

अगं, काय सांगू तुला... दरवर्षी दुसऱ्या दिवशी सून तिच्या आईकडे जाते, तिच्या मागं आ-हाओ, त्याच्या मागं पोरं. घरात उरतो आम्ही दोघं. समोर श्यूबाईंच्या दारात दोन्ही जावयांच्या गाड्या. हसणं, खिदळणं, ताटल्यांचे आवाज. मी पडदा ओढून घ्यायचे. फार एकटं वाटायचं गं... हो, तू आदल्या रात्री यायचीस, पण पाहुण्यासारखी. सारखा फोन बघत. तिकडे ती एकटी, म्हणून तुझा घास उतरायचा नाही. मला दिसत नव्हतं का?

काय?... आदल्या दिवसाचं गाडीचं तिकीट? मग बदल... मिळत नाही? उभ्यानं या. तरण्याताठ्या आहात दोघी... आणि ऐक, भेटवस्तू जोडीनं आणायच्या हं, एकेक नाही. तिची ती बिस्किटं दोन डबे आण... बाबांनी बाटली आणलीय. जावयाबरोबर घ्यायची म्हणून... आता तिला जावई म्हणायचं की सून, ते त्यांनाच ठाऊक. मला म्हणाले, मानाच्या खुर्चीत तिला बसव... ती पीत नाही? पेला हातात धरू दे नुसता. ते दोघांची पितील.

आणि आदल्या रात्री कुठं जेवायचं म्हणजे? हे काय विचारणं झालं? आपल्या घरी जेवायचं!... अगं, इथं नाही. तैपेईला. तुमच्या घरी. ते घर नाही तर काय धर्मशाळा आहे?... तीही तिच्या आईपासून लांबच आहे ना? तिला आवडेल ते रांध. ऊन ऊन वाढ. तिला पुन्हा एकटीला जेवायला लावलंस, तर माझ्याशी गाठ आहे.

मग?... कॅनडा रद्द?... अं?... नाही, ऐकू आलं. पण परत सांग... परत.

हं.

नाही गं, मी कुठं... धूर आहे इथं, शेजारी सॉसेज भाजतायत... ठेव आता, गिऱ्हाईक खोळंबलंय... अहो काकू, तो नाही विकायचा. दुसरा घ्या, तो मोठा मासा सोडून... नाही हो, जास्त पैसे दिले तरी नाही. लेक येतेय माझी, दुसऱ्या दिवशी... हो, आहे. मलाही लेक आहे... जोडीनं येतेय!... ठेवते गं.