नव्या मशीनची पूजा

मशीनला नजर लागते का, हे आमच्या आईला विचारा! मी नेवाशात सुतारकाम करतो. लाकूड कोनात कापायचं नवं मशीन आणलं, तेव्हा आईनं त्याची यथासांग पूजा केली. पहिलंच काम शिंगणापूरच्या गिऱ्हाईकाची चौकट. तो बजावून गेलेला, "मिस्त्री, आमच्या गावात घराला दार नसतं, लोक नुसती चौकटच बघत्यात. कोपऱ्याला फट नको."

आणि फट अशी, की बोट जाईल! संध्याकाळी त्याचा टेम्पो येणार. मी पंचेचाळीसचा कोन तपासला, पातं बदललं, मशीनच्या दुकानदाराला फोनवर झापलं. आई म्हणाली, "नजर लागली हाय." पुन्हा ओलं कुंकू, पुन्हा मूठभर अक्षता. पुढचा काप आणखी वाकडा!

वैतागून खाली वाकून बघतो, तर लाकूड टेकवायच्या पट्टीला कुंकवात चिकटलेले तांदूळ! लाकूड पट्टीला नीट टेकतच नव्हतं. ब्रशनं सगळं खरवडलं, पुन्हा कापलं. कोपरा चपखल बसला.

म्हटलं, "आई, इकडं ये, बघ!"

तिनं जोडावरून बोट फिरवलं. "बघ, आला का न्हाई पूजेचा गुण?" म्हणाली, आणि अक्षता आणायला आत गेली.