वरचे दात

— नाई नाई, तुमी बोलू नका काका, तोंडातला कापूस पडन. दात काढला ना तुमचा? रगत थांबेपर्यंत दाबून धरा म्हनली ना डॉक्टरीनबाई? मंग नुसती मान हलवा, बोलाचं काम मी करतो. मले गप बसवतच नाई हो, असं बाकड्यावर हात बांधून बसलं का पायाले मुंग्या येतात. आतून रडनं ऐकू येते ना, ते आमचंच लेकरू. माझी भाची, प्रणिता, चार वर्साची हाये. समोरचे वरचे दोन दात काढाचे हायेत, पू झाला, ओठ सुजून पार नाकाले टेकला. माझी बईन भाग्यलक्ष्मी हाये तिच्यासंग. मी? मी बाहेरच बरा. आत गर्दी काऊन कराची? अन् किरान्याचं दुकान बंद ठेवून आलो, आमच्या गावची, बेल्याची बस बी येईनच आता. बईन बाहेर आली त एवढं सांगा, देवानंद बसवर गेला म्हून. सांगसान ना?

बसतो बसतो. बस आली का उठतो. — डॉक्टरीनबाई तेलुगू हाये, पन मानूस चांगलं हाये. आल्या आल्या इचारलं, "पापा एम् तिंटदी?" लेकरू काय खाते म्हून. बईन म्हनते, भात खाते, भाकर खाते दुधात कुस्करून. मी मनात म्हनलं, अन् दिवसभर काय खाते ते कोन सांगन? बईन आमच्याच घरी राह्यते, कापूस येचाले गेली का पोरगी माझ्या दुकानात. आता लेकरू दुकानात बसलं त काय बरन्यांकडं पाठ करून बसन? चाकलेट, क्रीमची बिस्किटं, ते पन्नीतलं लाल पानी — मीच सांगतलं मंग सारं. त बाई म्हनते, ते त हायेच, पन निजताना काय देता? खालचे दात चांगले अन् वरचेच सडले, म्हंजे झोपताना काईतरी गोड लागते इच्या दाताले. खालच्या दातांवर जीभ असते, त्याइले जपते. वरच्याइले कोनी वाली नाई, गोड रातभर तिथंच चिकटून राह्यते. बईनीनं माझ्याकडं पाह्यलं अन् सांगून टाकलं बाईले.

आता तुमी बोलूच शकत नाई, म्हून तुमाले सांगतो. तुमच्या इकडं मानतात का — लेकराचे वरचे दात आधी आले त मामाले भारी? हां, हलवली ना मान! प्रणिताचे वरचेच आले आधी. बईन रडली, माय रडली. मी हासलो. मी म्हनलं, मी शिकेल मानूस, मी नाई मानत. पन शेजारच्या तुळजाबाईनं सांगतलं, मामानं रोज निजताना आपल्या बोटानं त्या दातांवर मध लावावा, दात थंड होतात, मामाले सोडून देतात. मधाले काय तोटा, आमचे जवाई बेज्जूरचे, जंगलातला अस्सल मध घरी येते. लावला. मायच्या समाधानासाठी हो, दुसरं काय! पुढं पोरीले सवयच पडली, मामाचं बोट तोंडात गेल्याबिगर डोळा लावत नाई. अन् मध वाईट असन असं कोनाले वाटन? दवा हाये ना ते? बाई म्हनते, दाताले मध-साखर काई कळत नाई, गोड ते गोड. एवढं शिकेल मानूस मी, अन् हे काई मले माईत नाई.

मंग दात पिवळे पडले, मंग काळे, मंग तुकडे पडाले लागले. तवाच काऊन नाई आनलं, असंच म्हनून राह्यले ना मनात? आनत व्हतो की! पन माय म्हनली, राहू दे, जे भारी व्हते तेच चालले आपल्या पायानं, माझ्या पोरावरचं टळलं. बईनीनं बी मायचंच ऐकलं. भाऊ एकच हाये तिले. मी... मी त दुकानात व्हतो. हंगाम व्हता, गिऱ्हाइकी व्हती. — असे काऊन पाह्यता? लेकरू तवा रडत नव्हतं ना! रडलं असतं त आनलं नसतं का?

बस नाई आली अजून. — एक सांगू? माझे बी वरचेच आधी आले व्हते. अन् माझा मामा, केशवराव, मी पाळन्यात असतानाच त्याले पऱ्हाटीच्या वावरात पान लागलं. डॉक्टरापर्यंत नेता नेता सापाचं इख चढलं, झालं. मायनं मले कधी बोल लावला नाई, खोटं काऊन बोलू, पन मी खदखदा हासलो का ती तोंड फिरवे. तिच्या भावाले खानारे दात ना ते. म्हून मी असा तोंडावर हात धरून हासतो, मघापासून पाह्यलंच असन तुमी. अन् आमची प्रणिता, दात काळे पडले तवापासून ते बी तसाच हात धरते. लोकाइले कौतुक वाटते, म्हनतात पोरगी मामासारखी हासते. मले नाई वाटत. मले लई वाईट वाटते काका.

ऐकलं? ऐकलं, पोरगी काय म्हनून राह्यली? "मामाच्या मांडीवर!" जावळ माझ्या मांडीवर काढलं, कान माझ्याच मांडीवर टोचले, तिले वाटते का दुखाचं जे काई असते ते मामाच्या मांडीवरच होते. बईन मघाशीच बोलवून गेली. मी म्हनलं, पानी पिऊन येतो. — तेच दात काका, अन् माझ्याच मांडीवर पडतीन... नाई, मी मानत नाई. पन नवे दात येतीन ना पुढं, त्यात बी वरचेच आधी आले त? ते मोजतात का नाई? तुमी मोठे हा, तुमाले काई... नका नका, कापूस! मले भेव लागते हो. माझ्या जीवाचं लागते, ते त हायेच. पन मले उद्या काई झालं, मंग त्या लेकराकडं कोन कसं पाह्यन, ते मले ठाऊक हाये ना. माझ्याकडं पाह्यलं तसंच. जनमभर हात काढू देनार नाईत तोंडावरचा.

ते पाहा, बईन दारात आली. हातानं बोलावून राह्यली मले. — हाव, बस लागली वाटते बाहेर, हॉर्न वाजला. जाऊ द्या ते बस. हे धरा काका, मधाची डबी हाये. सकाळी बसमंधी लई रडत व्हती, तवा उलीसा बोटानं... थोडासाच. टाकून द्या त्या कचऱ्यात. अन् मघाशी तुमाले काय काय बोललो ते बी टाका तिथंच. — आलो वं प्रणिता! रडू नको माय. मामा हात धुऊन येऊन राह्यला.